प्रार्थना समाज फक्त बसस्टॉपपुरता का उरला?

ठाकुरद्वारचा_नाका

गिरगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, 'प्रार्थना समाज' म्हटलं की आधी बसचा थांबा आठवतो. कंडक्टर 'पारथना समाज' असं ओरडायचा आणि अर्धी बस रिकामी व्हायची. थांब्याला ज्याच्यावरून हे नाव पडलं ते मंदिर तिथेच हाकेच्या अंतरावर आहे आणि आत मूर्ती नाही, हे उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. (कुठला देव, हा प्रश्न तिथे गैरलागू.)

मला ठाऊक होतं ते आत्यामुळे. आठवीत-नववीत असताना तिच्याबरोबर पाच-सहा रविवार गेलो असेन. पेटीवर तुकोबांचे अभंग, एक लांबलचक प्रवचन, प्रार्थना, शेवटी आरती. समोर मूर्तीच नाही तर आरती ओवाळायची कुणाला, असं मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "ओवाळायची नाही, म्हणायची."

आत्या गेली, चाळ गेली, मी डोंबिवलीला आलो. इथे आमचा आठ-दहा घरांचा गट आहे. नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. दोन अभंग, दहा मिनिटं गप्प बसणं (हे सगळ्यात अवघड जातं), मग कुणीतरी काहीतरी वाचून दाखवतं आणि शेवटी चहा-पोहे.

गेल्या महिन्यात सोसायटीने घरकामाच्या बायकांना मुख्य लिफ्ट बंद केली. त्यांनी सामानाची लिफ्ट वापरायची, आणि ती निम्मा आठवडा बंदच असते. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, आपण इथे बसून भूतमात्री देव म्हणतो, तर निदान एक पत्र तरी देऊ. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, मी इथे चार घटका शांती मिळावी म्हणून येतो, सोसायटीचं राजकारण उंबऱ्याबाहेर ठेवा. मग जे झालं ते झालं. पोहे गार.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. प्रार्थना समाज ३१ मार्च १८६७ ला सुरू झाला. डॉ. आत्माराम पांडुरंग, मग रानडे, भांडारकर, चंदावरकर, एकापेक्षा एक माणसं. रात्रशाळा काढल्या, अनाथांसाठी आश्रम काढला. तरी उरला तो थांबा. समाजकार्यात पडले म्हणून आटले, की पुरेसे पडले नाहीत म्हणून? आणि आमच्या गटाने पत्र द्यावं की न द्यावं?

तिरकस

सामानाची लिफ्ट निम्मा आठवडा चालते म्हणजे निम्मा आठवडा तरी देव आहे.

(चुरमुरे घेऊन बसलोय. येऊ द्या.)

बोरूबहाद्दर

धागा चांगला आहे, पण गोष्ट १८६७ च्या आधीपासून सांगायला हवी. आत्माराम पांडुरंगांचे थोरले भाऊ दादोबा पांडुरंग, म्हणजे व्याकरणवाले दादोबा. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली त्यात ते प्रमुख होते. सभा गुप्त. जातिभेद मानायचा नाही हा मुख्य नियम, आणि तो मानत नाही हे सिद्ध करायला नव्या सभासदाने ख्रिश्चनाच्या हातचा पाव खायचा. आज हसू येतं, पण त्या काळी एवढ्या तुकड्यावरून माणूस वाळीत पडायचा, मुलीची लग्नं अडायची, बापाच्या तिरडीला खांदेकरी मिळायचे नाहीत.

दहा-एक वर्षं सभा चालली. मग सभासदांच्या नावांचं दप्तर चोरीला गेलं. नावं फुटणार म्हटल्यावर मंडळी पांगली आणि सभा संपली.

प्रार्थना समाज काढणाऱ्यांत या सभेतून पोळलेली माणसं होती. १८६४ मध्ये बंगालातल्या ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत येऊन गेले, त्यांच्या व्याख्यानांनी वातावरण तापलं, आणि तीन वर्षांनी समाज निघाला. या वेळी गुप्तता नाही, दारं उघडी. पण पाव खायची सक्तीही नाही! एकेश्वर माना, मूर्तिपूजेला धर्माचा भाग समजू नका, बाकी तुमच्या घरात जानवं, सोवळं, जातीतलं लग्न काय असेल ते असो. बंगालातल्या ब्राह्मो समाजवाल्यांनी जी तोडातोड केली ती इथे केली नाही. आपण हिंदूच आहोत, तुकोबा-नामदेवांच्या वाटेवरचे आहोत, असं ते आग्रहाने सांगत राहिले.

माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या पावात आहे.

मृदगंधा

>> नावांचं दप्तर चोरीला गेलं

आजच्या भाषेत, ग्रुपचा स्क्रीनशॉट फुटला.

वाळवेकर

@बोरूबहाद्दर, पावावरून आठवलं, चहाचं सांगा की. १८९०, पुणे, पंचहौद मिशन. मिशनऱ्यांनी सभेला बोलावून चहा-बिस्किटं पुढे केली. रानडे होते, टिळकही होते. कुणी प्याले, कुणी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशी (आनंदीबाई जोशींचे यजमान, कळ लावण्यात वाकबगार) यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहा प्यायल्याबद्दल! ज्यांनी रविवारी 'सर्व माणसं एका ईश्वराची लेकरं' असं प्रवचन द्यायचं त्यांनी!

आणि १८७३? पहिली पत्नी वारल्यावर विधवाविवाहाचे हे पुरस्कर्ते अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करते झाले. वडिलांची आज्ञा म्हणे. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. या प्रार्थना समाजवाल्यांबद्दल जोतीरावांनी पुढे जे लिहिलंय ते वाचलं तर कानशिलं तापतील. त्यांचा आक्षेप साधा होता: तुमची प्रार्थना शेतकऱ्याच्या काय कामाची?

थांबा उरला तेच खूप झालं म्हणायचं.

कांचनसंध्या

वाळवेकर, अर्धंच सांगितलंत. त्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांनी घरात सगळ्यांचा विरोध पत्करून शिकवलं, आणि पुढे पुण्याचं सेवासदन तिच्या हातून उभं राहिलं. लग्नाची चूक धुऊन निघते असं म्हणत नाही, पण हिशेब करायचा तर दोन्ही बाजू मांडा. भांडारकरांनी १८९१ मध्ये स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला. जगाला सांगणं सोपं, स्वतःच्या लेकीच्या बाबतीत करणं किती कठीण असेल ते आपण मुलींचे आईबाप ओळखू शकतो. आणि १८७५ मध्ये दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली, विरोधकांनी चिखल फेकला, तेव्हा त्या मिरवणुकीत जोतीराव आणि रानडे दोघंही होते.

एकाच माणसात धाडस आणि कच खाणं दोन्ही असतं. माझ्यात तर दुसरंच जास्त आहे.

वाळवेकर

@कांचनसंध्या, मान्य. चिखलाचा मुद्दा विसरलो होतो.

तिरकस

हे काय, वाळवेकर 'मान्य' म्हणाले? धागा ग्रंथालयात ठेवा.

क्लीव्हलंडची_काकू

मी इथे युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींकडे गेली बारा वर्षं जाते, म्हणून राहवलं नाही. थोडक्यात सांगायचं तर चर्च म्हणतात पण ख्रिस्ती असायची अट नाही. आमच्यात ज्यू आहेत, बौद्ध आहेत, देव न मानणारे तर ढिगाने आहेत. १९६१ मध्ये युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट असे दोन जुने पंथ एकत्र येऊन हे झालं. रविवारी पसरट पेल्यात ज्योत लावतात, गाणी, प्रवचन, मग तळघरात कॉफी. मला पहिल्यांदा गेल्यावर दादरला कीर्तनाला बसल्यासारखंच वाटलं. फक्त बुवा बाई होती आणि जीन्समध्ये होती.

तुमचा पोह्यांचा प्रसंग जसाच्या तसा आमच्याकडे घडलाय. 'काळ्यांच्या जिवाचं मोल आहे' असा फलक इमारतीवर लावायचा की नाही यावर आठ महिने चर्चा. आठ! तीन सभा, एक उपसमिती, अक्षरांचा रंग कोणता यावर आणखी एक उपसमिती. लावल्यावर दोनदा कुणीतरी फाडला. दोनदा नवा लावला. काही जण मंडळी सोडून गेले. त्यातल्या एक आजी चार महिन्यांनी परत आल्या, का ते मी विचारलं नाही.

या लोकांचा इतिहास मोठा आहे. १९६५ मध्ये काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला बॉस्टनहून गेलेले जेम्स रीब नावाचे यांचे पाद्री मारहाणीत मेले. पण तळघरात कॉफी प्यायला बसलं की आजूबाजूला बहुतेक सगळे गोरे, पासष्टीच्या पुढचे आणि प्राध्यापक. न्यायाची तळमळ खरी, पण ज्यांच्याबद्दल तळमळ ते खोलीत नाहीत. हे ते स्वतःच सारखं बोलतात, बोलून झालं की पुन्हा कॉफी घेतात.

जेवणाची गंमत सांगते. महिन्यातून एकदा प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असतो. मी पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी नेली. एका आजोबांनी चमच्यात घेऊन उजेडात धरून बघितली, म्हणाले हे मोती खायचे असतात का. तेवढ्यात कुणीतरी 'शेंगदाणे आहेत का यात?' असं विचारलं, आणि माझं पातेलं उचलून कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलावर गेलं, वर लाल चिठ्ठी. ॲलर्जीवाल्यांसाठी नियम आहे. बारा वर्षं झाली, माझ्या खिचडीची पंगत वेगळीच! अस्पृश्यता काय असते ते कळलं. 😄

निळी_शाई

काकू, प्रतिसाद आवडला, शेवटची ओळ सोडून. तुमचं पातेलं वेगळं ठेवलं ते कुणाचा तरी श्वास अडकू नये म्हणून. आमची भांडी वेगळी ठेवली ती आमचा श्वास त्यांना लागू नये म्हणून. भांडायला आलो नाही, एवढंच सांगायचं होतं.

आता मूळ विषय. माझे पणजोबा परळला गिरणीत होते. मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवली त्यांनी, म्हणजे विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या. ती पाटी आमच्या घरी परवापरवापर्यंत होती. एक कोपरा तुटलेली, लाकडी चौकट, मागे खिळ्याने कोरलेला आकडा. आजी ती पाटी देव्हाऱ्यात ठेवायची. पुढे देव्हारा गेला (१९५६, धर्मांतर), पाटी राहिली. म्हणजे या लोकांचं ऋण आमच्या घराने कधी नाकारलं नाही.

पण पणजोबांचं एक वाक्य आजी सांगायची: "गिरगावचे साहेब बक्षीस वाटायला यायचे. हात जोडायचे, गोड बोलायचे. पाणी मात्र घोटभर प्यायचे नाहीत." शिंदे वेगळे. ते घरच्यांना घेऊन मिशनमध्येच राहायचे, त्यांची बहीण जनाक्का आमच्या बायकांमध्ये उठायची-बसायची. म्हणून आमच्या घरात 'शिंदे' म्हणतात आणि 'प्रार्थना समाज' म्हणत नाहीत. पणजोबा १९२७ ला महाडला गेले ते बाबासाहेबांबरोबर. अक्षर एकाकडून घेतलं, पाणी स्वतःच्या हाताने घेतलं.

क्लीव्हलंडची_काकू

@निळी_शाई, चुकलंच माझं. विनोद म्हणून लिहून गेले. प्रतिसाद खोडत नाही, खाली तुमचा अर्थ लागायला तो राहू दे.

निळी_शाई

राहू दे काकू. खिचडीची पाककृती मात्र द्या, माझी नेहमी चिकट होते.

क्लीव्हलंडची_काकू

साबुदाणा बुडेल न बुडेल इतकंच पाणी, रात्रभर. आणि कूट आधी साबुदाण्याला चोळून घ्यायचं, मग फोडणीत.

तिरकस

बहुजनहिताय धागा पाककृती विभागात हलवण्यात येत आहे.

पंढरीची_सून

आमच्या गावाचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी नावाचे न्यायखात्यातले अधिकारी तिथे होते, प्रार्थना समाजाचे, त्यांनी सुरू केला. कारण सांगायलाही जड जातं. वारीच्या गर्दीत परगावच्या बाया यायच्या, बहुतेक विधवा, दिवस गेलेल्या. गर्दीत कुणी ओळखत नाही. बाळंत व्हायच्या आणि पोर वाळवंटात नाहीतर कुठल्या ओवरीत ठेवून परत जायच्या. पुण्याला जोतीराव-सावित्रीबाईंनी याच दुःखावर १८६३ मध्ये घर उघडलं होतं, तेच इथे.

माझ्या सासूबाईंच्या आजी अशाच एका आश्रमात वाढल्या होत्या. कुठल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आडनाव आश्रमाने दिलेलं. आयुष्यभर कुणाच्या बारशाला गेल्या नाहीत, पण गावात कुणाचं मूल आजारी पडलं की रात्र-रात्र बसायच्या.

तेव्हा ठाकुरद्वारवाले दादा, थांबाच उरला असं म्हणू नका. बालकाश्रम अजून आहे. प्रार्थनेला माणसं कमी झाली असतील, पोरं वाढवायचं थांबलेलं नाही.

ठाकुरद्वारचा_नाका

ताई, वाचून गप्पच झालो. शीर्षक चुकलं माझं हे कबूल.

अभ्यासूपोपट

रच्याकने (जाता जाता), आत्माराम पांडुरंग हे १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांपैकी एक. देव एक मानणारा माणूस, पण किडे-पाखरं मात्र मोजून ठेवायचा! आणि त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिने १८७८ मध्ये सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना मुंबईत इंग्रजीचे धडे दिले. रवींद्रनाथांनी तिला 'नलिनी' नाव दिलं होतं. पुढचं काय ते...

धागापाल

पुढचं काय ते वेगळ्या धाग्यावर. विषयाला धरून लिहा.

एकटा_जीव_लातूर

मी त्या ज्येष्ठ सभासदाच्या बाजूने लिहिणार आहे. शिव्या द्या, चालेल.

बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मी एका गटात जाऊ लागलो. चांगली, पुरोगामी, वाचणारी माणसं. सुरुवातीला वाचन आणि मौन असायचं. मग कुठल्या ना कुठल्या प्रश्नावर निवेदन, सह्या, मोर्चा, धरणं. सगळे प्रश्न खरे होते, मी सह्या केल्या, एकदा कलेक्टर कचेरीसमोर उन्हात बसलोही. पण सव्वा वर्षात एकाही माणसाने मला विचारलं नाही की तुम्ही रात्री जेवता काय. मी रात्री जेवत नव्हतो. चहात बिस्किट बुडवून झोपायचो.

मग गल्लीतल्या भजनी मंडळात जायला लागलो. तिथली मतं मला अजिबात पटत नाहीत. बुवा बायकांबद्दल जे बोलतो ते ऐकवत नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात एका म्हातारीने डबा पाठवला. भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर कांदा फोडून.

तुमच्या गटातला तो माणूस 'शांती' म्हणतोय म्हणजे काय म्हणतोय ते त्याला एकदा विचारा. कदाचित राजकारण नको म्हणत नसेल. मला आधी बघा म्हणत असेल.

मृदगंधा

🙏

कांचनसंध्या

हा प्रतिसाद तीनदा वाचला.

क्लीव्हलंडची_काकू

@एकटा_जीव_लातूर, आमच्याकडे रविवारी एक गोष्ट असते, मला ती प्रवचनापेक्षा आवडते. पाण्याने भरलेलं काचेचं भांडं आणि शेजारी टोपलीत गोटे. ज्याला सांगायचं असेल त्याने पुढे यायचं, आनंद किंवा दुःख एका वाक्यात सांगायचं, गोटा पाण्यात सोडायचा. आई गेली तेव्हा मी मराठीतच बोलले, कुणाला कळलं नाही. गोटा पडल्याचा आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू आला. संध्याकाळी दारात तीन सूप आणि एक केक. फलकावर आठ महिने भांडणारी हीच माणसं.

बोरूबहाद्दर

@निळी_शाई, शिंद्यांबद्दल थोडी भर घालतो, आणि काकूंच्या मंडळींशी त्यांचा धागाही जुळतो. विठ्ठल रामजी शिंदे, जन्म १८७३, जमखंडी. १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास केला, तो युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर. परत येऊन मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. प्रवचन द्यायचं, गावोगाव फिरायचं, अशी ती नेमणूक. फिरताना जे दिसलं त्यातून १८ ऑक्टोबर १९०६ ला परळला मिशनची पहिली शाळा निघाली. अध्यक्ष चंदावरकर, म्हणजे समाजाचेच. पण चारच वर्षांत, १९१० मध्ये, शिंद्यांनी समाजाचं प्रचारकपद सोडलं. समाजातल्या बड्या मंडळींशी जमेना. पुढे पुण्यात अहल्याश्रम उभा केला.

मला यातली गोम अशी दिसते की समाजाला शिंद्यांच्या कामाचा अभिमान होता, पण त्या कामाने आपल्याला बदलावं ही तयारी नव्हती. काम बाहेर, प्रार्थना आत, मध्ये दार.

रच्याकने, काकू, तुमचे युनिटेरियन मेघालयातही आहेत. हाजोम किसोर सिंग नावाच्या खासी माणसाने १८८७ मध्ये जोवायला सुरू केलं. मिशनऱ्यांचा नरक त्याला पटला नाही म्हणून स्वतःच विचार करून इथवर आला, आणि मग कळलं की अमेरिकेत असं म्हणणारे आणखी आहेत.

निळी_शाई

@बोरूबहाद्दर, भर चांगली. पण शिंद्यांनाही सूट नको. मे १९२० ची नागपूरची परिषद, शाहू महाराज अध्यक्ष. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदे कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत असं मिशनचं म्हणणं. बाबासाहेबांनी तिथे ते खोडून काढलं. आमचे प्रतिनिधी आम्ही निवडू. इतका जवळ राहिलेला माणूस, त्यालासुद्धा 'यांच्या वतीने मी बोलतो' ही सवय सुटली नाही. त्यांचे जातवाले त्यांना तिकडे गेला म्हणून हिणवत होते आणि आमचे लोक इकडचा नाही म्हणून दूर ठेवत होते. वाईट वाटतं, पण आमच्या लोकांचं चुकलं असं नाही म्हणणार.

आणि म्हणून धागाकर्त्यांना एक प्रश्न. इतके प्रतिसाद झाले, पत्र द्यावं की न द्यावं. ज्यांना लिफ्ट बंद केली त्या बायकांना कुणी विचारलं का?

वाळवेकर

थेट मर्मावर.

वकिलीणबाई

भावना बाजूला ठेवून व्यवहाराचं सांगते. 'आम्ही सत्संगवाले' म्हणून पत्र देऊ नका, समिती हसेल. सभासद म्हणून द्या, फ्लॅट क्रमांकासह. सेक्रेटरीची सही-शिक्क्याची पोच घ्या. निर्णय कुठल्या सभेत झाला त्याच्या इतिवृत्ताची प्रत मागा. निम्म्या वेळा असे नियम कुठल्याच सभेत झालेले नसतात, कुणीतरी लिफ्टवर कागद चिकटवलेला असतो. तो कागद कुणाच्या सहीने आहे ते आधी बघा.

ठाकुरद्वारचा_नाका

तीन आठवडे गप्प होतो. आता सांगतो.

वकिलीणबाई, तुम्हाला साष्टांग. कागदावर सहीच नव्हती. इतिवृत्तात ठरावही नव्हता.

@निळी_शाई, नाही विचारलं होतं. लाज वाटली. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी अकरा वर्षं येतात, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिफ्टचं राहू द्या दादा, ती बंद असली तर आम्ही चढतो. पण चौथ्या मजल्यावर पायरीवर टेकलं की वॉचमन उठवतो. आणि दिवसभर संडास कुठे करायचा ते बघा आधी." पाच घरं करतात त्या. सकाळी साडेसहाला निघतात, दुपारी तीनला घरी. आमच्या अकरा वर्षांत हा प्रश्न माझ्या घरात कुणाला पडला नव्हता. आम्ही मात्र त्यांच्या वतीने लिफ्टवर भांडत होतो.

मग त्या ज्येष्ठांकडे गेलो, लातूरकरांनी सांगितलं तसं. गुडघे दुखतात म्हणून ते दोन महिने खाली उतरलेच नव्हते, आमच्यात कुणाला पत्ता नाही. मुलगा परदेशात. तासभर बसलो, त्यांनी जुने आल्बम दाखवले. निघताना म्हणाले, पत्र द्यायचं असेल तर द्या, पण मौन दहा मिनिटांचंच ठेवा, पाच नको. सही करणार का असं मी विचारलं नाही. त्यांनी केलीही नाही.

पत्रात तीन गोष्टी घातल्या: लिफ्ट सगळ्यांना, तळमजल्याचा संडास उघडा, जिन्यापाशी बाक. अकरा सह्या. दोन घरांनी गटात येणं थांबवलं आहे, त्यातलं एक माझ्या चुलतभावाचं. त्याच्याकडे दिवाळीला जायचं आहे, बघू. संडासाचं कुलूप गेल्या गुरुवारी निघालं. लिफ्टचा विषय सर्वसाधारण सभेत येणार, तिथे पडेल असं दिसतंय. बाकाला 'निधी नाही'.

सह्यांचा कागद नोटीस बोर्डावर लावला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर गायब.

मृदगंधा

परमहंस सभा!!!

बोरूबहाद्दर

दप्तर गेलं का पुन्हा? झेरॉक्स ठेवली होतीत ना?

ठाकुरद्वारचा_नाका

तीन. एक आता त्याच जागी चिकटवली आहे, डिंकाने.

एकटा_जीव_लातूर

बाकाला किती लागतील? मी हजार धाडतो.

निळी_शाई

माझे पाचशे. मावशींना विचारून बाक कुठे ठेवायचा ते ठरवा, जिन्यापाशी ऊन असेल तर उपयोग नाही.

ठाकुरद्वारचा_नाका

विचारलं. पाठ टेकेल असा हवा म्हणाल्या. पुढचा दुसरा रविवार आमच्याकडे आहे, मावशींना यायचं आमंत्रण दिलंय. "येईन, पण पोहे मी करणार नाही," असं आधीच बजावून ठेवलंय त्यांनी.

कांचनसंध्या

मीही डोंबिवलीतच आहे, येऊ का? पोह्यांचं टेन्शन घेऊ नका, मी मस्का-पाव आणते.

तिरकस

बेकरी कुणाची?

कांचनसंध्या

खाल्ल्यावर सांगेन.